दुसरा आकडा कुणाच्या वहीत? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

संस्थेतला अपहार कसा रोखायचा आणि झालाच तर तो ओळखायचा कसा, यावर आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रे आली ती मुख्यतः पतसंस्था आणि दूध डेअरीतून, काही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून. बहुतेकांनी नाव छापू नका असे कळवले आहे, म्हणून कुणाचेच छापलेले नाही. उत्तरे लेखापरीक्षण आणि सहकार क्षेत्रात काम करणाऱ्यांनी दिली आहेत.

आमच्या पतसंस्थेत दुकानोदुकानी जाऊन रोजची बचत गोळा करणारे सात पिग्मी एजंट आहेत. सगळ्यांकडे मशीन आहे, पावती निघते. तरी मागच्या महिन्यात एका दुकानदाराचे कार्ड आणि आमचे खाते यांत चार हजारांचा फरक निघाला. एजंट म्हणतो, मशीन बंद होते, उद्या भरणारच होतो. माणूस गावातलाच, बारा वर्षांचा. सोडून द्यावे की मागे लागावे? (संचालक, खानापूर तालुका)

मागे लागा, पण आधी तारखांच्या. एजंटाशी नंतर बोलता येईल.

पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली. तेव्हापासून या योजनेत एक फट आहे ती आहेच: पैसे घेणारा, पावती देणारा आणि संस्थेला आकडा सांगणारा माणूस एकच. मशीन आल्याने ही फट बुजत नाही. ‘रोल संपला’, ‘चार्जिंग नाही’ म्हणत कार्डावर पेनने आकडा लिहिला की मशीन बाजूलाच राहिले.

नेहमीचा प्रकार असा. सोमवारी किराणा दुकानदाराचे पाचशे एजंटाने घरी वापरले. मंगळवारी सायकलवाल्याकडून आलेले पाचशे किराणावाल्याच्या नावावर भरले. बुधवारी सायकलवाल्याची भर तिसऱ्याच्या पैशांतून. याची टोपी त्याच्या डोक्यावर. रोज भरणा होतो, बेरीज जुळते, कॅशियरला काही दिसत नाही. दिसते ते फक्त तारखांत.

त्या एजंटाची तीस कार्डे तपासा. ती त्याच्याकडून मागवू नका. त्याच्याशी संबंध नसलेल्या क्लार्कने दुकानांत जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणावेत, तेही एकाच दिवसात, म्हणजे निरोप फिरायला वेळ राहणार नाही. कार्डावरची तारीख आणि संस्थेत जमा झालेली तारीख शेजारी-शेजारी मांडा. एखाद्या ठिकाणी एका दिवसाचा फरक असेल तर मशीन खरेच बंद असेल. पण फरक जूनमध्ये एक दिवसाचा, जुलैत तीन, ऑगस्टमध्ये आठ असा वाढत गेला असेल, तर टोपी फिरते आहे. चार हजार हा आकडा मग फक्त एका कार्डाचा असतो.

पुढे हे पुन्हा होऊ नये म्हणून सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे खातेदाराला संस्थेच्या सर्व्हरवरून थेट जाणारा एसएमएस. त्यातही एक मेख आहे. खाते उघडताना फॉर्म एजंटच भरतो आणि खातेदाराच्या मोबाइलच्या जागी स्वतःचा किंवा बायकोचा नंबर टाकतो. म्हणून संगणकातून एक यादी काढा: एकच मोबाइल नंबर दोनपेक्षा जास्त खात्यांवर कुठे आहे? एका घरातली तीन खाती समजू शकतात. एका नंबरावर अकरा खाती असतील तर त्या अकरा जणांना आधी भेटा.

दुसरे म्हणजे पैसे परत देण्याची पद्धत. भरण्यापेक्षा मोठे अपहार मुदतपूर्व उचल आणि पिग्मीवरचे कर्ज यांतून होतात, कारण तिथे रक्कम एकदम मिळते. ‘शेठजी दुकान सोडून येऊ शकत नाहीत, सही आणलीय’ म्हणून एजंटाच्या हातात रोख देणे आजच बंद करा. पैसे खातेदाराच्या बचत खात्यात जमा करा किंवा तो काउंटरवर येऊ दे.

तिसरे, अनामत. एका एजंटाकडे १२० खाती, सरासरी १०० रुपये धरले तर रोजचा भरणा १२,००० होतो, पंचवीस दिवसांचा तीन लाख. त्याची अनामत जर १०,००० असेल तर ती एका दिवसाच्याही जोखमीला पुरत नाही. निदान तीन दिवसांच्या भरण्याइतकी तरी हवी, आणि मशीनमध्ये तेवढी रक्कम गोळा झाल्यावर पावती बंद पडेल अशी मर्यादा घालून घ्या. चोवीस तासांत डेटा चढवला नाही तरी मशीन अडावे. ही सोय सॉफ्टवेअरवाल्याकडे बहुधा असते. कुणी मागत नाही म्हणून चालू केलेली नसते.

बारा वर्षे तोच एजंट, तीच गल्ली, हेही बदलायला हवे. वर्षातून एकदा पंधरा दिवस त्याच्या फेरीवर दुसरा माणूस पाठवा. टोपी फिरवणाऱ्याला सुट्टी परवडत नाही, तो तापातही फेरी चुकवत नाही.

सोनेतारण कर्जासाठी आमच्याकडे एकच सराफ आहे. त्याचे कमिशन कर्जदार देतो. यात धोका कुठे? (शाखा व्यवस्थापिका, शहापूर)

धोका कमिशनमध्येच आहे. कर्ज झाले तरच त्याला पैसे मिळतात, म्हणजे दागिना नाकारणे त्याच्या फायद्याचे नाही. निदान दोन-तीन सराफांची पाळी लावा आणि आज कोण येणार हे सकाळी ठरवा.

कसोटीच्या दगडावर दागिन्याची फक्त कातडी उतरते. जाड मुलामा असेल तर तांब्याची बांगडीही पास होते. एक्स-रे मशीनही वरच्या थराचीच शुद्धता सांगते. भरीव दागिन्याला पाण्यातले वजन घेऊन घनता काढता येते: बावीस कॅरेट १७ ते १८ च्या दरम्यान, तांबे ९ च्या आत. लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या दागिन्याला ही युक्ती चालत नाही. तिथे कर्जदाराच्या समोर आणि त्याच्या लेखी संमतीने बारीक चीर देऊनच पाहावे लागते.

वजनाचा हिशोब पावतीवर पूर्ण लिहा. हार ४० ग्रॅम, खडे, दोरा आणि लाखेचे ६ वजा, निव्वळ ३४. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, म्हणून शुद्ध सोने ३१.१ ग्रॅम. खड्यांच्या दागिन्याचे एकूण आणि निव्वळ वजन जवळजवळ सारखे लिहिलेले दिसले की तो कागद बाजूला काढायचा.

एक सोपी गोष्ट फार थोड्या शाखांत होते. पाकीट सील केल्यावर त्या बंद पाकिटाचे वजन करून वरच लिहावे आणि सीलवर कर्जदार, सराफ, व्यवस्थापक अशा तिघांच्या सह्या आडव्या घ्याव्यात. तिमाहीला सगळी पाकिटे न फोडता नुसती पुन्हा वजन करता येतात. शंभर पाकिटांना दोन तास पुरतात. शिवाय शंभरातली पाच फोडून बाहेरगावच्या सराफाकडून तपासा. कुठली पाच, हे शाखेतल्या कुणीही ठरवू नये. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात हे सगळे सांगतात. दुपारी जेवायला जाताना एकाने दुसऱ्याकडे चावी ठेवली तर त्या दोन चाव्यांना अर्थ राहत नाही.

गावच्या दूध संस्थेत १५० सभासद आहेत. दहा दिवसाला बिल येते, ते कमीच वाटते. सेक्रेटरी म्हणतात, संस्थेचे दूध घेणाऱ्या संघाकडेच फॅट कमी लागते. खरे-खोटे आम्हाला कसे कळणार की? (सभासद शेतकरी, हुक्केरी तालुका)

कळते, आणि त्यासाठी संस्थेतले दोनच कागद लागतात: संस्थेचे रोजचे संकलन आणि संघाची त्याच पाळीची पोचपावती. सभासदाला ते पाहायला मिळाले पाहिजेत. बोर्डावर रोज लावा असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडा.

आता लिटर आणि किलो. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरते. संस्था तुमच्याकडून लिटरने घेते आणि संघ किलोने मोजून घेत असेल, तर १०० लिटरचे १०३ किलो व्हायला हवेत. वहीत ‘१०० घेतले, १०० पाठवले’ असे जुळत असेल तर जवळपास तीन लिटर दूध मध्ये कुठेतरी गेले. आकडे बरोबर दिसतात म्हणून कुणी विचारत नाही. मेळ एका एककातच घालायचा असतो.

दुसरा मेळ फॅटच्या किलोचा. सकाळच्या पाळीला म्हशीचे २४० लिटर आले, म्हणजे २४७ किलो. वजनानुसार काढलेली सरासरी फॅट ६.२. म्हणजे एकूण फॅट १५.३ किलो. यातून गावात किरकोळ विकलेल्या दुधाची फॅट वजा करा. उरलेली संघाच्या पावतीवरच्या वजन गुणिले फॅटशी ताडून पाहा. रोज थोडा फरक पडणारच: कधी तुमच्या बाजूने, कधी संघाच्या. बिलाचे दहाही दिवस फरक एकाच बाजूला झुकत असेल तर तो योगायोग नसतो. गाय-म्हैस वेगळे मांडा, नाहीतर सरासरीत सगळे लपते.

फरक कशाने पडला तेही आकडे सांगतात. दूध काढून पाणी घातले तर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दोन्ही त्याच प्रमाणात उतरतात. पाच टक्के पाण्याने ६.५ ची फॅट ६.१८ होते आणि ९.० चे एसएनएफ ८.५५. साय काढली असेल तर फॅट उतरते, लॅक्टोमीटरची (दुधाची घनता दाखवणाऱ्या नळीची) डिग्री मात्र तशीच राहते किंवा थोडी चढते. दोन्ही ठीक आणि वजनच कमी, तर कॅन रस्त्यात रिकामा झाला किंवा काट्यात गडबड आहे. आणि संघाच्या पावतीशी संस्थेचे संकलन नीट जुळत असूनही तुमचे बिल कमी असेल, तर खोट तुमच्या घागरीजवळ आहे: काट्यावर, नमुन्यात किंवा नोंदीत.

काट्यावर दशांशाची कापणी पाहा. ३.४८ लिटरला ३.४ लिहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी ‘पहिल्यापासूनची’ असते. माणशी सरासरी ५० मिली धरले तर १५० सभासदांचे एका पाळीला साडेसात लिटर, दिवसाला पंधरा. लिटरला ३५ रुपये धरले तरी महिन्याला १५,७५० रुपये होतात. हे पैसे संस्थेच्या वाढाव्यात दिसत असतील तर निदान वर्षअखेर बोनसमधून परत येतील. वाढावा दिसतच नसेल तर विचारायला हवे.

फॅटचे आकडे मशीनमधून थेट संगणकात जायला हवेत. हाताने आकडा टाकायची सोय असली की तिचा वापर होतो. सॉफ्टवेअरमधून ‘हाताने केलेल्या नोंदी’ महिन्याला किती, एवढा एकच रिपोर्ट संचालक मंडळाने मागावा. आणि आठवड्यातून एकदा, आधी न सांगता, दहा सभासदांच्या दुधाचे दोन-दोन नमुने घ्या. एक नेहमीसारखा तपासला जाईल, दुसरा संचालकाच्या सहीने संघाच्या लॅबला पाठवा.

उद्यमबागेत आमची छोटी फौंड्री आहे. स्क्रॅप, कोक, बेंटोनाइट (साच्याची माती) सगळे खरेदी खात्याचा एकच माणूस बघतो. बिले नीट असतात, जीएसटी असते, तरी माल पुरत नाही. कुठून सुरुवात करू? (मालक, बेळगाव)

बिल नीट असणे म्हणजे बिल छापलेले असणे, एवढेच. तीन कागद तीन वेगळ्या हातांतून यायला हवेत: खरेदीचा ऑर्डर, गेटवर उतरलेल्या मालाची नोंद आणि पुरवठादाराचे बिल. पैसे देणाऱ्याने तिघांचे दर आणि वजन जुळवूनच चेक लिहावा. तुमच्याकडे तिन्ही एकाच टेबलावर तयार होतात.

सुरुवात पुरवठादारांच्या यादीपासून करा, अर्ध्या दिवसाचे काम आहे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. या पॅनची यादी तुमच्या कामगारांच्या पॅनशी ताडून पाहा, बँक खात्यांची यादी पगाराच्या खात्यांशी. कामगाराच्या किंवा त्याच्या घरच्याच्या नावाने निघालेली फर्म अशीच सापडते.

आपल्या भागात आणखी एक खूण आहे. माल कोल्हापूरहून आला, बिलावर पत्ता कोल्हापूरचा, पण कर राज्यातल्या राज्यात विकल्यासारखा, सीजीएसटी-एसजीएसटी असा दोन भागांत लावलेला. परराज्यातून आलेल्या मालावर आयजीएसटी लागतो. असे बिल घरी बसून बनवले असण्याची शक्यता मोठी. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते, त्यावरचा गाडी नंबर गेटच्या वहीशी जुळतो का पाहा. केए २२ चा ट्रक लिहिलाय आणि त्या दिवशी गेटवर एमएच ०९ ची पिकअप आलीय, तर चौकशी करा. नंबर स्कूटरचा निघाल्याचीही उदाहरणे देशात आहेत!

बिलांचे क्रमांक बघा. एका पुरवठादाराची एप्रिल ते जूनची बिले ४१, ४२, ४३, ४४ अशी सलग असतील, तर त्याला तुमच्याशिवाय गिऱ्हाईक नाही. ‘पन्नास हजारांवर मालकाची सही’ असा नियम असेल तर वर्षाची बिले रकमेनुसार लावा. ४८ आणि ४९ हजारांची गर्दी दिसली तर कुणीतरी बिले तोडतो आहे.

मग वजनकाटा. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही वजने त्याच दिवशी, त्याच काट्यावर. गाडीचे जुने रिकामे वजन वापरू नका. डिझेलची टाकी, ताडपत्री, केबिनमध्ये बसलेला क्लीनर यांनी शंभर-दीडशे किलोचा फरक सहज पडतो. वाळू ओली, स्क्रॅपमध्ये माती हे तर डोळ्यांनी दिसते, पण ते बघायला उतरवताना खरेदी खात्याबाहेरचा माणूस हवा. भट्टीत टाकलेले वजन, निघालेले कास्टिंग, परत वितळायला गेलेले रनर-रायझर (साच्याच्या वाटांत थिजलेला धातू) आणि घट यांचा हीटनिहाय, म्हणजे दर वितळणीचा, तक्ता ठेवा. तुमची नेहमीची घट किती, हे तीन महिन्यांत कळते. ती अचानक दोन टक्क्यांनी वाढली तर वाढ भट्टीत झाली की गेटवर, एवढेच शोधायचे उरते.

संस्था लहान, माणसे तीनच: कॅशियर, क्लार्क, सेक्रेटरी. कामे वाटणार तरी कशी? (चेअरमन, निपाणी)

सगळी वाटता येत नाहीत. तीन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा: पैसे हाताळणारा, नोंद लिहिणारा आणि जुळवणी करणारा. तिसरे काम सेवेतल्या माणसाने करावे असा काही नियम नाही. एखादा संचालक करू शकतो. बँकेचा ‘फक्त पाहण्यापुरता’ लॉगिन तुमच्या मोबाइलवर घ्या. महिन्याची बँक जुळवणी मूळ उताऱ्यावरूनच करा, सेक्रेटरीने टाइप करून दिलेल्या उताऱ्यावरून नको. महिन्यातून दोनदा, वेगवेगळ्या वारी, संध्याकाळी पाच वाजता येऊन रोकड मोजा आणि रोजकीर्दीवर सही करा. शिल्लक कमी निघाली तर विचारायचे. जास्त निघाली तरीही विचारायचे, कारण ती कुणाची तरी न लिहिलेली जमा असते.

आणि चेअरमनसाहेब, सही करून ठेवलेले कोरे चेकबुक कपाटात असेल तर वरचे काहीही केले नाही तरी चालेल.

रिझर्व्ह बँकेने नाजूक जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीची सुट्टी द्यायला सांगितले आहे. पतसंस्थेला तो नियम लागू नसला तरी उचलण्यासारखा आहे. त्या दहा दिवसांत त्याचे काम दुसऱ्याने प्रत्यक्ष केले पाहिजे, टेबलावर साठवून ठेवले तर उपयोग नाही.

ऑडिटला ‘अ’ वर्ग होता. सहा महिन्यांत अपहार बाहेर आला. मग ऑडिट कशाला? शिवाय अहवाल कन्नडमध्ये, आमच्यातल्या अर्ध्यांना तो वाचता येत नाही. (सभासद, बेळगाव शहर)

लेखापरीक्षक ३१ मार्चचे चित्र तपासतो, तेही नमुन्याने. वहीत आलेच नाही ते त्याला दिसणे कठीण, आणि वरिष्ठांनीच मिळून बनवलेले कागद ओळखणे त्याहून कठीण. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत जानेवारी २००९ ला कबुली आली तेव्हा पाच हजार कोटींहून अधिक रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेत २०१९ मध्ये २१,०४९ बनावट खात्यांआड बुडीत कर्जे झाकलेली निघाली. खालच्या माणसावर लावलेली कुलपे वरच्याला अडवत नाहीत.

म्हणून सभेत एकच प्रश्न विचारा: आपल्या ठेवी ज्या बँकांत आहेत, त्यांच्याकडून शिल्लक दाखला लेखापरीक्षकाने थेट मागवला, की संस्थेने त्याच्या हातात दिला? दुसरे म्हणजे मागच्या वर्षीच्या दोषांची दुरुस्ती काय केली, तो अहवाल मागा. भाषेचे म्हणाल तर सरकारी नमुना कन्नडमध्ये असो. शेरे आणि दोषांची पाने मराठीत करून सभेच्या नोटिशीसोबत वाटायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

जाता जाता: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था किंवा सौहार्द संस्थेतल्या (कर्नाटकच्या वेगळ्या सहकार कायद्याखालच्या) ठेवीला तो नाही. पाटीवरचे नाव नीट वाचा.

मी एका संस्थेत क्लार्क आहे. साहेबांच्या काही व्हाउचरवर संशय आहे. कुणाला सांगू? नोकरीची भीती वाटते. (नाव-गाव नको)

अपहार उघडकीला येतो तो सगळ्यात जास्त वेळा कुणीतरी सांगितल्यामुळे. अपहार-तपासनिसांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात अशी प्रकरणे ४३ टक्के आहेत, ऑडिटपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा तुमचा संशय क्षुल्लक नाही. पण साहेबांना समोर जाऊन विचारू नका. कागद दुसऱ्या दिवशी नाहीसे होतात. सहकाऱ्यांतही बोलू नका.

तारीख, व्हाउचर क्रमांक, रक्कम, कुणाच्या सह्या, आणि तुम्हाला काय खटकले एवढेच लिहून ठेवा. ‘साहेबांनी खाल्ले’ असे लिहू नका, ‘या तारखेला बंद असलेल्या दुकानाचे बिल आहे’ असे लिहा. मूळ कागद घरी नेऊ नका, तो उलट तुमच्यावरच चोरीचा आरोप होतो. ज्याच्यावर संशय नाही अशा संचालकाकडे किंवा लेखापरीक्षकाकडे लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर निबंधकाकडे: कर्नाटक सहकारी संस्था अधिनियम १९५९ च्या कलम ६४ खाली चौकशी होते आणि नुकसान ठरल्यावर कलम ६९ खाली ते जबाबदारांकडून वसूल होते. संस्था सौहार्द कायद्याखालची असेल तर तो कायदा वेगळा, १९९७ चा. आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना शाखा असलेली बहुराज्य संस्था असेल तर बेळगावच्या कार्यालयात खेटे घालू नका, ती केंद्रीय निबंधकाच्या अखत्यारीत येते; ठेवीदार सभासदांच्या तक्रारींसाठी २०२३ च्या दुरुस्तीने लोकपालाचीही तरतूद झाली आहे. नोंदणी क्रमांक आणि कायद्याचे नाव संस्थेच्या लेटरहेडवर असते, तेवढे आधी पाहा.

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.